नॅशनल लॅटिन एक्झामची तयारी : मराठी घरातल्या मुलांसाठी

अमेरिकेतल्या शाळेत लॅटिन शिकणाऱ्या मुलाच्या दप्तरातून शरद ऋतूत एक कागद घरी येतो : ‘नॅशनल लॅटिन एक्झामला बसायचे आहे का?’ आमच्याही घरी आला. लेक तेव्हा आठवीत होती. मी दहावीपर्यंत महाराष्ट्रात संस्कृत शिकले होते, लॅटिनचा मात्र गंध नव्हता. पुढची तीन वर्षे तिच्या शेजारी बसून या परीक्षेच्या तयारीत जे हाती लागले, ते इथे लिहिते आहे. आपल्या घरातल्या मुलांना या परीक्षेत एक मोठी सोय आहे आणि दोन-तीन खास खड्डेही आहेत. त्यांबद्दल शाळेतले शिक्षक काही सांगू शकत नाहीत, कारण त्यांना मराठी येत नाही.

ही परीक्षा ऐच्छिक आहे. आपण शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किंवा राष्ट्रभाषेच्या परीक्षांना बसायचो, तशीच. शाळेच्या निकालाशी तिचा संबंध असायलाच हवा असे नाही. बसले नाही म्हणून कोणी नापास करत नाही. अमेरिकन क्लासिकल लीग (स्थापना 1919) आणि नॅशनल ज्युनिअर क्लासिकल लीग (स्थापना 1936) या दोन संस्थांच्या आश्रयाने ती घेतली जाते. 1970च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली आणि आता दरवर्षी हजारो मुले तिला बसतात, त्यांत अमेरिकेबाहेरचीही असतात. प्रश्न 40, वेळ 45 मिनिटे, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

आधी पातळी ठरवा

सर्वात खालची पातळी ‘इंट्रोडक्शन टू लॅटिन’. तिच्यावर ‘बिगिनिंग’, मग ‘इंटरमीडिएट’, आणि वर ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रोझ’ व ‘अ‍ॅडव्हान्स्ड पोएट्री’. शिवाय केवळ उताऱ्यांवर बेतलेल्या ‘रीडिंग कॉम्प्रिहेन्शन’च्या वेगळ्या परीक्षा आहेत. मूल लॅटिन किती वर्षे आणि किती तास शिकले आहे, यावर पातळी ठरते आणि ती शिक्षकच ठरवतात. इथे आईवडिलांनी आग्रह धरू नये. ‘माझी मुलगी हुशार आहे, तिला वरच्या पातळीला बसवा’ असे म्हणणारे पालक मी पाहिले आहेत. नियमाप्रमाणे ते होत नाही, आणि त्यातून मुलाचे भलेही होत नाही. न शिकलेल्या रूपांवर अंदाजाने खुणा करत 45 मिनिटे बसण्यात कसलेच शिक्षण नाही.

नोंदणी शाळाच करते. परीक्षा साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या एका ठरावीक काळात होते, आणि नोंदणी त्याच्या बरीच आधी बंद होते. म्हणून मुलाच्या लॅटिनच्या शिक्षकांना ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवा. शाळा भाग घेत नसेल तर शिक्षकांना विनंती करा. एका मुलासाठीही नोंदणी करता येते. मूल घरीच शिकत असेल तर पर्यवेक्षक कोण चालेल, याचा नियम नोंदणीआधी नीट वाचा, कारण परीक्षेच्या गुप्ततेबाबत आयोजक कडक आहेत आणि ते योग्यच आहे.

पहिला जुना पेपर डिसेंबरातच

अलीकडच्या वर्षांचे पेपर आणि त्यांची उत्तरे परीक्षेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. अभ्यासक्रमही तिथेच असतो. तो छापून भिंतीवर लावा. कोणत्या पातळीला नामांचे कोणते गट, क्रियापदांचे कोणते काळ, कोणत्या पुराणकथा हे त्यात स्पष्ट दिलेले असते, आणि त्याबाहेरचे सहसा विचारत नाहीत.

नाताळच्या सुट्टीत, काहीही उजळणी न करता, घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवायला द्या. गुण किती पडले याकडे फारसे पाहू नका. आमच्याकडे पहिल्या पेपरात 40 पैकी 23 आले आणि लेक रडवेली झाली. त्या संध्याकाळी आम्ही केलेले काम मात्र पुढच्या दोन महिन्यांत सर्वात उपयोगी पडले. चुकलेले 17 प्रश्न एका वहीत उतरवले आणि प्रत्येकासमोर चुकीचे कारण लिहिले. ‘येत नव्हते’ असे लिहायचे नाही, हा एकच नियम. शब्दाचा अर्थ माहीत नव्हता? शब्द माहीत होता पण शेवट ओळखला नाही? शेवट ओळखला पण त्याचे वाक्यातले काम कळले नाही? की प्रश्नच घाईत वाचला?

17 पैकी चारच चुका शब्द न आल्यामुळे होत्या. तोवर मात्र आम्ही रोज फक्त शब्दांची कार्डे घोकत होतो! सात चुका विभक्तीच्या होत्या, आणि त्यांपैकी बहुतेक एकाच प्रकारच्या.

विभक्ती : आपली सोय आणि आपले खड्डे

इथे जरा थांबून सांगते, कारण हाच या लेखाचा गाभा आहे.

इंग्रजीतून लॅटिनकडे येणाऱ्या मुलाला सर्वात अवघड जाते ते हे की नामाचा शेवट बदलतो आणि त्या शेवटावरून वाक्यातले काम कळते. मराठी मुलाला यात नवल काही नाही. ‘घर, घराला, घराने, घरातून, घराचा, घरात’ हे ते तोंडाने रोज बोलते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे, विशेषणाने नामाप्रमाणे बदलणे, मूल न पुल्लिंगी न स्त्रीलिंगी तर नपुंसकलिंगी असणे, हे सगळे लॅटिनमध्येही आहे. मुलाला मराठीत सांगा : नॉमिनेटिव्ह म्हणजे प्रथमा, अक्युझेटिव्ह म्हणजे द्वितीया, डेटिव्ह म्हणजे चतुर्थी, जेनिटिव्ह म्हणजे षष्ठी, व्होकेटिव्ह म्हणजे संबोधन. उरली अ‍ॅब्लेटिव्ह. तिच्यात आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिन्ही एकत्र आल्या आहेत. ‘ग्लादिओ’ म्हणजे तलवारीने. ‘रोमा’ (शेवटचा आ दीर्घ) म्हणजे रोमहून. ‘प्रीमा होरा’ म्हणजे पहिल्या तासाला. रूप अ‍ॅब्लेटिव्हचेच, पण मराठीत एकदा ‘ने’, एकदा ‘हून’, एकदा काळ दाखवणारा ‘ला’. अ‍ॅब्लेटिव्ह दिसली की मुलाने मनात ‘ने, हून, त’ असे तिन्ही प्रत्यय लावून पाहावेत आणि वाक्यात बसेल तो घ्यावा. अमेरिकन पाठ्यपुस्तकांत या विभक्तीच्या उपयोगांची लांब यादी असते. आपल्या मुलाला सुरुवातीला एवढे पुरते.

आणखी एक सुरेख साम्य आहे. लॅटिनमध्ये ‘मिही फ्रातेर एस्त’ म्हणतात. शब्दशः : मला भाऊ आहे. इंग्रजीत अशी सोय नसल्याने वर्गातली बाकी मुले इथे अडखळतात. आपले मूल हसते, कारण ते घरी असेच बोलते. ‘मिही प्लाकेत’ म्हणजे मला आवडते. इथेही चतुर्थीच.

आता खड्डे. पहिला ‘ला’चा. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींना ‘ला’ लागतो : ‘मी मार्कसला पाहतो’, ‘मी मार्कसला पुस्तक देतो’. लॅटिनमध्ये पहिल्यात ‘मार्कुम’, दुसऱ्यात ‘मार्को’. शिवाय मराठीत निर्जीव कर्माला प्रत्ययच लागत नाही. आपण ‘पाणी आणतो’ म्हणतो, ‘पाण्याला आणतो’ असे म्हणत नाही. लॅटिनमध्ये मात्र ‘आक्वा’चे ‘आक्वाम’ व्हायलाच हवे. उपाय सोपा आहे. मुलाला दोन प्रश्न विचारायची सवय लावा : ‘काय किंवा कोणाला’ पाहिले-आणले-मारले? ती द्वितीया. ते ‘कोणाला’ दिले-सांगितले-दाखवले? ती चतुर्थी. आमच्या सातपैकी पाच चुका या एका खड्ड्यातल्या होत्या.

दुसरा खड्डा ‘ने’चा, आणि तो जास्त फसवा आहे. ‘मार्कसने पत्र लिहिले’ यात आपला कर्ता तृतीयेत आहे आणि क्रियापद पत्राप्रमाणे चालते. लॅटिनमध्ये तेच वाक्य ‘मार्कुस एपिस्तुलाम स्क्रिप्सित’ असे होते : कर्ता सरळ प्रथमेत, कर्म द्वितीयेत, क्रियापद कर्त्याप्रमाणे. ‘ने’ पाहून मूल मार्कसला अ‍ॅब्लेटिव्हमध्ये टाकते. ती अ‍ॅब्लेटिव्ह येते ती खऱ्या कर्मणी वाक्यात : ‘एपिस्तुला आ मार्को स्क्रिप्ता एस्त’, म्हणजे पत्र मार्कसकडून लिहिले गेले. ही दोन वाक्ये वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

घरात कोणी संस्कृत शिकलेले असेल तर आणखी बरेच दरवाजे उघडतात. ‘एस्त, सुंत’ म्हणजे अस्ति, सन्ति. ‘मातेर, फ्रातेर, देउस, इग्निस, नोमेन, सेप्तेम, विदुआ’ ऐकले की माता, भ्राता, देव, अग्नि, नाम, सप्त, विधवा आपोआप आठवतात, आणि ही साम्ये योगायोगाची नाहीत, एकाच मूळ भाषेतून आलेली आहेत. शब्दाच्या शेवटी चिकटणारा ‘-क्वे’ हा आपला ‘च’. रोमन राज्याची एस.पी.क्यू.आर. ही अक्षरे ‘सेनातुस पोपुलुस्क्वे रोमानुस’ची, म्हणजे ‘रोमची सभा आणि प्रजा’; त्यातला क्यू हाच तो ‘च’. वरच्या पातळीवर ‘ऊर्बे काप्ता’ म्हणजे ‘नगर जिंकले गेल्यावर’ अशी रचना येते, ती आपली सति सप्तमी. आजी-आजोबा भारतातून फोनवर असतील तर त्यांना रोज पाच मिनिटे सहभागी करा. माझ्या सासऱ्यांनी नातीकडून ‘रोसा’ (गुलाब) चालवून घेतला, जसा शाळेत आमच्याकडून ‘माला’ चालवून घ्यायचे.

शब्द चालवणे, पण उलट्या बाजूनेही

‘रोसा, रोसाए, रोसाए, रोसाम, रोसा’ ही घोकंपट्टी लागतेच. पण परीक्षेत रूप समोर येते आणि त्याचे काम ओळखायचे असते. म्हणून आठवड्यातून दोनदा उलटा खेळ खेळा : मी ‘पात्री’ म्हणते, तू विभक्ती आणि वचन सांग. मी ‘पुएल्लिस’ म्हणते, तू दोन्ही शक्यता (चतुर्थी किंवा अ‍ॅब्लेटिव्ह, अनेकवचन) सांग. एका रूपाचे दोन-तीन अर्थ होऊ शकतात हे मुलाच्या अंगवळणी पडायला हवे, कारण प्रश्न नेमके तिथेच टाकतात.

आणि एक सूचना : लिंग शेवटावरून ठरवू नका. ‘आग्रिकोला’ शेतकरी, ‘नाउता’ खलाशी, ‘पोएता’ कवी हे ‘आ’ने संपतात, पण पुल्लिंगी आहेत. चांगला शेतकरी म्हणजे ‘आग्रिकोला बोनुस’. मराठीतही ‘नदी’ स्त्रीलिंगी असली तरी ‘धोबी’ पुल्लिंगीच ना, असे म्हटले की मुलांना पटते.

उतारा कसा वाचायचा

पेपरच्या शेवटी एक उतारा असतो आणि त्यावर काही प्रश्न. इथेच वेळ जातो आणि इथेच गुण जातात. मी रचलेला एक छोटा नमुना घेऊ :

‘आग्रिकोला इन आग्रो लाबोरात. फीलिया कुम मात्रे आद आग्रुम आम्बुलात एत पात्री आक्वाम पोर्तात. ग्रातिआस तिबि आगो, इन्क्वित आग्रिकोला, नाम फेस्सुस सुम.’

बहुतेक मुले पहिला ओळखीचा शब्द पकडतात, दुसरा पकडतात आणि मधली गोष्ट कल्पनेने भरतात. शेतकरी, मुलगी, आई, पाणी : झाली गोष्ट! मग पर्यायात ‘वडील मुलीला पाणी देतात’ असे दिसले की तेच निवडतात. त्याऐवजी प्रत्येक वाक्यात आधी क्रियापद शोधा. ते कोणत्या पुरुषाचे, कोणत्या वचनाचे? ‘पोर्तात’ : तो किंवा ती नेते, एकवचन. मग प्रथमा शोधा : ‘फीलिया’. म्हणजे नेणारी मुलगी. काय नेते? ‘आक्वाम’, द्वितीया. कोणाला? ‘पात्री’, चतुर्थी. म्हणजे मुलगी वडिलांसाठी पाणी नेते. ‘कुम मात्रे’ आईबरोबर. ‘इन आग्रो’ शेतात, पण ‘आद आग्रुम’ शेताकडे. एकच शेत, दोन विभक्त्या, आणि या फरकावर हमखास प्रश्न येतो. ‘ग्रातिआस तिबि आगो’ म्हणजे तुझे आभार. शेवटी ‘फेस्सुस’, दमलेला. ‘फेस्सा’ का नाही? कारण बोलणारा शेतकरी पुरुष आहे. हा एका ओळीतला तपास मुलाने मोठ्याने बोलत करावा. सुरुवातीला एका उताऱ्याला अर्धा तास लागेल, लागू द्या. फेब्रुवारीपर्यंत तो आठ-दहा मिनिटांवर येतो.

प्रश्न आधी वाचावेत की उतारा? आधी प्रश्न, पण फक्त प्रश्न, पर्याय नकोत. प्रश्नांतून उताऱ्याचा विषय कळतो, आणि पर्यायांतून चुकीच्या कल्पना डोक्यात शिरतात.

रोमन जग

व्याकरणाबाहेर पुराणकथा, इतिहास, भूगोल, रोजचे रोमन जीवन, इंग्रजीत आलेले लॅटिन शब्द, बोलण्यातले छोटे लॅटिन आणि आजही वापरात असलेली लॅटिन वाक्ये यांवर प्रश्न असतात. हा भाग गोष्टी सांगूनच करावा. देवांची ग्रीक-रोमन नावे जोडीने पाठ करावीत : झ्यूस-ज्युपिटर, हेरा-ज्युनो, अथीना-मिनर्व्हा, हर्मीस-मर्क्युरी. डाफ्ने, इकारस, मिडास, अराक्नी यांच्या कथा रात्री झोपताना सांगता येतात.

इतिहासात मोजकी वर्षे पक्की हवीत : इ.स.पू. 753 रोमची पारंपरिक स्थापना, 509 राजेशाहीचा शेवट, 264 ते 146 कार्थेजशी तीन युद्धे, 44 मध्ये 15 मार्चला सीझरची हत्या, 31 अ‍ॅक्टियमची लढाई, आणि इ.स. 79 व्हेसुव्हियसचा उद्रेक. नकाशा काढून त्यावर टायबर, रुबिकॉन, ऑस्टिया, सिसिली, कार्थेज आणि ब्रुंदिसियमपर्यंत जाणारा अ‍ॅपियन मार्ग दाखवा. रोमन घराचे चित्र काढून आत्रियुम (मधले दालन), कुलिना (स्वयंपाकघर), त्रिक्लिनियुम (जेवणघर) लिहायला सांगा. रोमन अंक रोज घड्याळाबरोबर.

ब्रीदवाक्यांचा अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात व्याकरण जिवंत दिसते. व्हर्जिनियाचे ‘सिक सेम्पेर तिरान्निस’ : जुलमी सत्ताधाऱ्यांच्या वाट्याला नेहमी असेच येवो. ‘तिरान्निस’ चतुर्थी अनेकवचन. आणि आपल्या मुंबईला पूर्वी म्हणत ते ‘ऊर्ब्स प्रीमा इन इंदिस’, हिंदुस्थानातले पहिले शहर. ‘ऊर्ब्स’ स्त्रीलिंगी म्हणून ‘प्रीमा’. ‘इन’नंतर ठिकाण दाखवायचे म्हणून ‘इंदिस’ अ‍ॅब्लेटिव्ह. एवढ्या चार शब्दांत बिगिनिंगच्या पेपरचे तीन प्रश्न मावतात.

वेळेचा हिशेब

डिसेंबरात एक पेपर, जानेवारीत दर पंधरवड्याला एक, फेब्रुवारीत दर आठवड्याला एक. यापेक्षा जास्त नको. दोन पेपरांच्या मधला काळ त्या चुकांच्या वहीसाठी आहे. रोज वीस मिनिटे पुरतात. रविवारी चार तास बसवून भाषा येत नाही. सर्वात ताजा पेपर शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

प्रत्यक्ष परीक्षेत उताऱ्यासाठी पंधरा मिनिटे बाजूला काढावीत, म्हणजे आधीचे प्रश्न अर्ध्या तासात संपले पाहिजेत. एका प्रश्नावर मिनिटभर अडले की खूण करून पुढे जावे. गुण कापत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये. पण अंदाज करण्याआधी निदान दोन पर्याय शेवटावरून बाद होतात का ते पाहावे. ते बहुधा होतात. परीक्षा कागदावर आहे की संगणकावर, हे शिक्षकांना आधी विचारा. संगणकावर असेल तर सरावही पडद्यावरच करा, कारण शब्दांच्या शेवटाखाली पेन्सिलने रेघा मारायची सवय असलेले मूल तिथे गोंधळते.

निकालानंतर

पदकांची गुणमर्यादा दरवर्षी आणि प्रत्येक पातळीला वेगळी ठरते. चढत्या क्रमाने ‘कुम लाउदे’, ‘माग्ना कुम लाउदे’, ‘माक्सिमा कुम लाउदे’ (रौप्यपदक) आणि ‘सुम्मा कुम लाउदे’ (सुवर्णपदक). चाळीसपैकी चाळीस आले तर वेगळा गौरव. सर्वात खालच्या पातळीची प्रमाणपत्रे निराळी असतात. शाळेच्या शेवटच्या वर्षात वरच्या पातळीचे सुवर्ण मिळाले तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. अट अशी की कॉलेजात लॅटिन किंवा ग्रीक पुढे चालू ठेवायचे. कॉलेज प्रवेशाच्या अर्जात हे पदक एका ओळीत लिहावे, पण केवळ त्या ओळीसाठी मुलाला या परीक्षेला बसवू नये. ते मुलांना कळते आणि त्यांचे मन भाषेतून उडते.

निकालाबरोबर कोणते प्रश्न चुकले हे शिक्षकांकडून कळले तर ते त्याच वहीत लिहा. पुढच्या वर्षीची तयारी तिथूनच सुरू होते. ज्यांना पुराणकथाच आवडतात त्यांच्यासाठी वेगळ्या पुराणकथा-परीक्षा आहेत. शब्दव्युत्पत्तीची आवड असेल तर ज्युनिअर क्लासिकल लीगच्या स्पर्धा आहेत, आणि तिथली ‘सर्तामेन’ नावाची बझरवाली प्रश्नमंजूषा बुजऱ्या मुलांनाही रंगात आणते. अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट लॅटिन (शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) हा मात्र वेगळा आणि बराच जड मामला आहे; त्यात रोमन कवी व्हर्जिलचे मूळ काव्य वाचावे लागते. नॅशनल लॅटिन एक्झामच्या वरच्या पातळीला सहजपणे उतारे वाचता येऊ लागले की त्याचा विचार करावा.

आमच्या वहीच्या तिसऱ्या वर्षाच्या पानांवर ‘ला’ची चूक एकदाच आहे. तिच्यापुढे लेकीने स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिले आहे : ‘कोणाला दिले? चतुर्थी!’